घरात एक प्राणी असताना दुसरा म्हणून छोटा कुत्रा कसा निवडावा

दुसरा प्राणी आणायचं ठरलं की बहुतेक घरांत चर्चा जातीपासूनच सुरू होते. पग घ्यायचा, शिह त्झू की पॉमेरेनियन? फोटो फिरतात, लहान मुलं नावंसुद्धा ठरवून मोकळी होतात. ज्याच्या राज्यात हा नवा पाहुणा येणार, त्या पहिल्या प्राण्याला मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते क्रम बरोबर उलटा हवा. आधी घरातला प्राणी, मग महिन्याचा खर्च, मग वय, मग प्रत्यक्ष समोर उभा असलेला कुत्रा, आणि जात सगळ्यात शेवटी. या क्रमाने विचार केला तर बहुतेक घरांचं उत्तर सारखंच निघतं: दोन वर्षांच्या पुढचा, आठ-दहा किलोंच्या आतला, लांब तोंडाचा, आखूड केसांचा आणि बहुधा मिश्र जातीचा, दत्तक घेतलेला कुत्रा. फोटोत तो फारसा उठून दिसत नाही, पण घरात टिकतो.

पहिली पायरी: घरात आधी कोण आहे?

घरात कुत्रा असेल तर आधी त्याचाच हिशेब मांडा. वय किती, दुखणीखुपणी काय, रस्त्यात दुसरा कुत्रा दिसला की काय करतो? शेपटी हलवत पुढे जातो, दुर्लक्ष करतो, की पट्टा ताणून भुंकत सुटतो? जो बाहेरच्या कुत्र्यांवर तुटून पडतो, तो घरात आणलेल्याला मिठी मारणार नाही. ‘सोबत मिळाली की सुधारेल’ ही आशा फार जणांना महागात पडते. एकटं राहिल्यावर रडणारा, दार खरवडणारा कुत्रा दुसरा आल्यावर बहुधा तसाच राहतो, कारण त्याला माणूस हवा असतो. वर नवा कुत्रा त्याचं बघून भुंकायला शिकतो ते वेगळंच. आधी पहिल्याची सवय सुधारा, मग दुसरा आणा.

पहिला कुत्रा म्हातारा असेल, तर त्याला उभारी यावी म्हणून पिल्लू आणायचा मोह होतो. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याच्या कानाला दिवसभर कोणी लोंबकळत असेल तर उभारी कसली येणार? तो गुरगुरतो, घरचे त्यालाच रागावतात, आणि स्वतःच्या घरात तो कोपरा शोधत फिरतो. अशा घरात पाच-सात वर्षांचा, शांत, छोटा कुत्रा शोभतो.

नर की मादी? साधारण अनुभव असा की एक नर आणि एक मादी ही जोडी सर्वात कमी भांडते, आणि एकाच घरातल्या दोन माद्यांची भांडणं एकदा पेटली की मिटवणं सर्वात अवघड जातं. हा नियम नाही, कल आहे; पण निवडायला वाव असेल तर विरुद्ध लिंगाचा कुत्रा घ्या. अर्थात दोघांची नसबंदी झालेली हवी. छोट्या जातींच्या माद्या सहा महिन्यांच्या वयातसुद्धा पहिल्यांदा माजावर येऊ शकतात, आणि गाभण राहिल्यावर साधारण ६३ दिवसांत पिल्लं होतात. ‘बघू नंतर’ म्हणायला वेळ फारच कमी असतो.

वजनातला फरकही बघा. तीस किलोंच्या कुत्र्याशेजारी अडीच किलोंचा चिवावा ठेवला, तर भांडणाची गरजच नाही; खेळता खेळता पडलेला एक पंजा पुरतो. आणखी एक धोका असतो. छोटा कुत्रा घाबरून किंचाळत पळाला की मोठ्यातला शिकारी एखाद्या क्षणी जागा होतो, मग तो एरवी कितीही गरीब असो. म्हणून मोठा कुत्रा असलेल्या घरात अगदी चिमुकला न घेता सात ते दहा किलोंचा, अंगाने भरलेला कुत्रा बघा.

मांजर असेल तर प्रश्न वेगळे. कुत्रा कशासाठी पैदास झाला, हे इथे कामाला येतं. डॅशहाऊंड बिळातल्या बिज्जूसाठी, जॅक रसेल टेरियर कोल्ह्यासाठी, बीगल सशामागे धावण्यासाठी. पळणारं छोटं जनावर दिसलं की यांचे पाय आपोआप सुटतात. त्याउलट पग, शिह त्झू, माल्टीज, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल यांची पैदास माणसाच्या सोबतीसाठीच झालेली आहे, म्हणून मांजराशी यांचं सहसा लवकर जमतं. मांजराबरोबर वाढलेला कुत्रा मिळाला तर जात कुठलीही असो, तो पहिल्या पसंतीचा.

मांजराच्या घरात दोन गोष्टींची सोय कुत्रा येण्याआधीच करायची. एक म्हणजे मांजराचा लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूचा खोका, कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी हलवणं (बहुतेक कुत्र्यांना त्यातला ऐवज खाऊसारखा वाटतो, किळस आवरा, हे अगदी सर्रास घडतं). दुसरी गोष्ट जिवावरची आहे. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही गोचीड-पिसवांच्या थेंबांमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला ते विष आहे. नुकतेच थेंब टाकलेल्या कुत्र्याला मांजराने अंग घासलं किंवा त्याला चाटलं तरी तिला झटके येऊ शकतात. घरात मांजर आहे हे डॉक्टरांना सांगून परमेथ्रिन नसलेलं औषधच घ्या.

ससा, गिनिपिग किंवा पक्षी असतील तर टेरियर आणि डॅशहाऊंड यादीतून काढूनच टाका. बाकी कोणताही कुत्रा आणला तरी दोघांना कायम वेगळ्या खोलीत ठेवायची तयारी हवी. पिंजरा असला तरी बाहेर हुंगत बसलेला कुत्रा सशाला दिवसभर भीतीत ठेवतो. शिवाय कुत्र्यांना खोकला देणारा बोर्डेटेला नावाचा जिवाणू सशांच्या श्वसनमार्गातही दुखणं आणतो.

दुसरी पायरी: स्वस्त म्हणजे नक्की काय?

विकत घेतानाची किंमत हा या सगळ्यातला सर्वात छोटा आकडा. छोटे कुत्रे बारा ते सोळा वर्षं सहज जगतात, तेव्हा हिशेब महिन्याचाच मांडायला हवा. स्वस्तात मिळालेलं पिल्लू पुढे दवाखान्यात पैसे ओतायला लावतं, तेव्हा चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणजे काय ते कळतं.

खाण्याचा अंदाज काढायची पशुवैद्यकांची रीत अशी: वजनाचा (किलोमध्ये) ०.७५ वा घात काढायचा, त्याला ७० ने गुणायचं, आणि नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी उत्तराला पुन्हा १.६ ने गुणायचं. पाच किलोंच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३७५ कॅलरी लागतात, पंचवीस किलोंच्याला १२५० च्या आसपास. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे छोट्याला महिन्याला तीन किलो खाद्य पुरतं, मोठ्याला जवळजवळ दहा किलो. इथे छोटा कुत्रा खरोखरच स्वस्त. जंतांचं, गोचिडांचं, दुखण्याचं औषधही बहुतेक वेळा वजनावर ठरतं, तिथेही बचत होते.

पण लसीचा डोस वजनावर ठरत नाही, आणि डॉक्टरांची फीही नाही. दातांच्या बाबतीत तर छोटा कुत्राच महाग. लहानशा जबड्यात तेवढेच ४२ दात दाटीवाटीने बसतात, दुधाचे दात कधीकधी पडतच नाहीत, मग कीटण साचतं, हिरड्या सुजतात. भूल देऊन दात साफ करणं हा पुढे वरचेवर येणारा खर्च आहे. रोज ब्रश करून तो लांबवता येतो. रोज म्हणजे रोज, आणि कुत्र्यांच्याच पेस्टने. माणसांच्या काही पेस्टमध्ये गोडव्यासाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना घातक.

केसांचा खर्च लोक हमखास विसरतात. शिह त्झू, ल्हासा अॅप्सो, माल्टीज, बिशॉन फ्रीझे यांचे केस वाढतच राहतात. चार ते आठ आठवड्यांनी कापून घ्यावे लागतात आणि मधल्या काळात रोज विंचरावे लागतात. नाही विंचरले तर काखेत आणि कानामागे गुंता होऊन कातडी ओढली जाते. हे स्वतः करायला शिकलात तर उत्तम, नाहीतर तो खर्च आयुष्यभराचा धरा.

जातीगणिक येणारी दुखणीही पैशात मोजायची असतात. डॅशहाऊंडच्या लांब पाठीत मणक्यांमधली चकती सरकते. साधारण पाचातल्या एकाला हा त्रास कधी ना कधी होतो आणि शस्त्रक्रियेचा खर्च दांडगा असतो. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर यांच्यात गुडघ्याची वाटी सरकणं आणि श्वासनलिका दबणं नेहमीचं. त्यांना गळ्यात पट्टा न बांधता हार्नेस, म्हणजे छातीवरून बांधायचा पट्टाच घालावा. कॅव्हेलियर स्वभावाने सोनं, पण उतारवयात बहुतेकांच्या हृदयाची झडप गळते आणि रोजची औषधं सुरू होतात.

पगबद्दल मी जरा कडवटच लिहिणार. स्वभाव लाख मोलाचा, लहान मुलांशी गोड, दुसऱ्या प्राण्यांशी गोड. पण त्या चपट्या तोंडात श्वासाला जागाच नसते. ज्या घोरण्याचे आपण व्हिडिओ काढतो, तो हवेसाठी चाललेला झगडा असतो. उन्हाळ्यात असे कुत्रे उष्माघाताने मरतात. नेदरलँड्समध्ये तर २०१९ पासून, ज्या कुत्र्याच्या तोंडाची लांबी कवटीच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी आहे, त्याच्यापासून पैदास करायलाच मनाई आहे. पगच हवा असेल तर मोठा झालेला, नाकपुड्या उघड्या असलेला बघा, आणि त्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवून लगेच कान देऊन ऐका. केंब्रिज विद्यापीठाचे पशुवैद्यक श्वासाची प्रतवारी करताना हीच तीन मिनिटांची चाचणी वापरतात. घरघर ऐकू आली तर मन घट्ट करून नाही म्हणा.

तिसरी पायरी: पिल्लू की मोठा कुत्रा?

पिल्लाच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. तीन ते साधारण चौदा आठवड्यांच्या वयात कुत्रा जे पाहतो, ते त्याला पुढे आयुष्यभर ओळखीचं वाटतं. या काळात पिल्लू समंजस मांजराच्या सहवासात आलं, तर मांजर त्याला घरचंच वाटतं. पण त्याची किंमत मोजावी लागते: दर दोन तासांनी बाहेर नेणं, रात्रीचं रडणं, चावऱ्या दातांचे चार-पाच महिने, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालणारं लसीकरण. हे सगळं पहिल्या प्राण्याला वेळ देऊन. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू तर कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. चावा किती जोरात घ्यायचा हे ते आई-भावंडांकडून अजून शिकत असतं.

आणि पिल्लाचा स्वभाव हा शेवटी अंदाज. सहा महिन्यांचं असताना सगळ्यांशी खेळणारं पिल्लू दीड-दोन वर्षांचं झाल्यावर दुसरे कुत्रे नको म्हणू लागतं, असं बरेचदा होतं. मोठा कुत्रा आहे तो समोर आहे: उंची कळली, केस कळले, मांजराकडे कसा बघतो तेही कळलं. दत्तक देणाऱ्या संस्थांकडून येणाऱ्या मोठ्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण पुष्कळदा आधीच झालेलं असतं. खर्च वाचवायचा असेल तर एवढा सरळ मार्ग दुसरा नाही.

चौथी पायरी: आणायचा कुठून?

शेल्टरमधून, किंवा दत्तक जाईपर्यंत कुत्र्याला तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरातून. दुसऱ्या प्राण्यासाठी हे ‘सांभाळणारं घर’ फार मोलाचं असतं, कारण तिथे बऱ्याचदा आधीच कुत्री-मांजरं असतात आणि ‘कसा आहे हो?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. मात्र प्रश्न नेमके विचारा. ‘मांजराशी जमतं का?’ याला हो म्हणणं सोपं. ‘मांजर पळाली तेव्हा त्याने काय केलं?’ असं विचारलं की प्रसंग सांगावा लागतो. खाताना कोणी जवळ गेलं तर काय करतो, एकटा किती वेळ राहिला आहे, कोणी परत केला होता का आणि का, हेही विचारा. दोन-तीन आठवडे घरी ठेवून मग पक्कं करायची सोय असेल तर ती नक्की घ्या.

ब्रीडरकडून घेणार असाल तर पिल्लाची आई तिच्या राहत्या जागी दाखवा म्हणा. आई भित्री किंवा अंगावर येणारी असेल तर तिथेच थांबा. ‘तुम्हाला त्रास नको, रस्त्यात भेटून देतो’, ‘आधी पैसे पाठवा, पिल्लू गाडीने येईल’ या दोन वाक्यांपैकी एकही ऐकलं तर फोन ठेवा. ‘टीकप’ नावाची तर कुठली जातच नाही. मुद्दाम खुजी केलेली, कधी वय खोटं सांगितलेली पिल्लं या नावाने विकली जातात. एक-दोन जेवणं चुकली तरी त्यांची साखर उतरते आणि हाडं जरा उडी मारताच मोडतात.

पाचवी पायरी: समोरासमोर

कुत्रा दाखवतील तेव्हा त्याच्यावर वाकू नका, हात पुढे करू नका. जमिनीवर, त्याच्याकडे तिरकं बसून राहा आणि वाट बघा. मनमिळाऊ कुत्रा थोड्या वेळात स्वतः येतो, सैल अंगाने, मागचा भाग हलवत. छातीला किंवा मानेच्या बाजूला दोन-तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. आता तो काय करतो? अंग पुढे रेलून, हाताला नाक लावून ‘अजून’ म्हणतो, की अंग झाडून बाजूला होतो? मी एवढ्या एका गोष्टीवरून बरंच काही ठरवते. लाड करून घेणं आणि लाड सहन करणं यात फरक असतो. सहन करणारा कुत्रा ओठ चाटतो, जांभई देतो, मान फिरवतो आणि डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो.

मग जवळच किल्ल्यांचा जुडगा खाली टाका. दचकला तर हरकत नाही, दचकणारच. किती वेळात सावरतो ते बघायचं. काही सेकंदांत येऊन जुडगा हुंगणारा कुत्रा कोणत्याही गजबजलेल्या घरात रुळतो. खुर्चीखाली जाऊन परत न येणाऱ्याला शांत, एकट्या माणसाचं घर लागेल.

शरीर बघताना चालवूनही बघा. चालता चालता मागचा एक पाय मध्येच वर घेऊन तीन पायांवर दोन-चार उड्या आणि पुन्हा काही न झाल्यासारखं चालणं, हे गुडघ्याची वाटी सरकत असल्याचं ठरलेलं लक्षण आहे. ओठ उचलून हिरड्या बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते, फिकट असेल तर जंत किंवा गोचिडांचा ताप असू शकतो. फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना टोचायला नकोत.

पसंत पडला तर पहिल्या कुत्र्याची भेट घराबाहेर, दोघांपैकी कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या मोकळ्या जागी घडवा. दोन माणसं, दोन सैल पट्टे, मध्ये दहा-पंधरा पावलांचं अंतर, आणि समोरासमोर न येता एकाच दिशेने चालणं. दोघं आपापलं हुंगायला लागले की अंतर कमी करत जा. मग तीन-चार सेकंद एकमेकांना हुंगू द्या आणि हाक मारून पुढे चला. पुढचे पाय टेकवून पाठीमागचा भाग वर करणं, वळणदार धावणं, मोठ्याने स्वतःहून आडवं पडून छोट्याला वर येऊ देणं, ही सगळी चांगली चिन्हं. ताठ अंग, मिटलेलं तोंड, एकटक नजर दिसली की तिथेच अंतर वाढवा. पहिल्याला न दाखवता दुसरा आणणं, तेही ‘सरप्राइज’ म्हणून, हा प्रकार कृपया करू नका.

सहावी पायरी: पहिले दोन आठवडे

घरी येण्याआधी डॉक्टरांकडे एक फेरी. शी तपासून घ्या, गोचिडांच्या आजारांसाठी रक्त तपासा, लसींची नोंद बघा. पहिल्या प्राण्याची लसही वेळेत झालेली हवी. नवा कुत्रा पिल्लू असेल किंवा त्याचं मागचं काही माहीत नसेल तर दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी. पार्व्हो या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. त्याला सोडियम हायपोक्लोराइटच्या ब्लीचसारखं जंतुनाशक लागतं.

या वेगळ्या खोलीचा मांजराला दुहेरी फायदा होतो. बंद दाराआड कोणी आहे याची तिला वासाने सवय होते. पहिले काही दिवस दोघांची अंथरुणं अदलाबदल करा, दाराच्या दोन बाजूंना दोघांना खाऊ द्या. मग जाळीचं छोटं फाटक, मग एकाच खोलीत, पण कुत्र्याला पट्टा आणि मांजराला चढायला उंच फळी. कुत्र्याने मांजराकडे बघून परत तुमच्याकडे बघितलं की लगेच खाऊ. सगळा धडा एवढाच. काही घरांत हे आठवड्यात होतं, काही घरांत दोन-तीन महिने लागतात, आणि दोन्ही ठीक आहे. कोणी नसताना मात्र दोघांना एकत्र सोडू नका.

दोन कुत्रे असतील तर खाणं वेगळ्या खोल्यांत, दार लावून. हाडं, आवडती खेळणी पहिले काही आठवडे उचलूनच ठेवा, कारण बहुतेक भांडणं यावरूनच होतात. गुरगुरला म्हणून रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे, ती बंद केली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. पहिल्याची जागा, त्याची फिरायची वेळ, पलंगावरचा त्याचा कोपरा आहे तसाच ठेवा. आणि दिवसातून एकदा तरी नव्याला सोडून फक्त पहिल्याला घेऊन बाहेर पडा.

कुठे थांबायचं हेही आधीच ठरवलेलं बरं. कातडी फाटेपर्यंत चावा, पहिला प्राणी दोन दिवस जेवत नाही, मांजर लिटर बॉक्स सोडून इतरत्र करू लागली किंवा पलंगाखालून बाहेरच येत नाही, यापैकी काहीही घडलं तर दोघांना वेगळं करून लगेच डॉक्टरांना दाखवा. मांजराचं खाणं बंद झालं असेल तर दुसऱ्या दिवसाचीही वाट बघू नका, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृताला फार लवकर त्रास होतो. तपासणीत दुखणं काही निघालं नाही तर प्राण्यांच्या वर्तनाची जाण असलेल्या प्रशिक्षकाला घरी बोलवा. तरीही महिनाभरात काहीच फरक पडत नसेल, तर ज्यांच्याकडून कुत्रा आणला त्यांना मोकळेपणाने सांगा आणि घरात काय काय घडलं ते लिहून द्या. दुसरा प्राणी नसलेलं घर त्याच्यासाठी शोधताना त्यांना त्याचाच उपयोग होतो.